टॉवरच्या यादीत आपले नाव

(बीड येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलवताना विषय दिला होता 'डिजिटल सुरक्षितता'. पासवर्ड कसा ठेवावा, ओटीपी कोणाला सांगू नये, वगैरे. ते तुम्हाला चांगले कळते; घरी अम्मी-अब्बांचे फोन तुम्हीच सांभाळता. म्हणून संयोजकांना विचारून मी विषय थोडा वळवून घेतला. पोलीस एका माणसाची माहिती मागतात ते एक. पण एका अख्ख्या परिसराची माहिती मागतात तेव्हा काय होते, आणि त्यावर आपण काय म्हणायचे, याबद्दल आज बोलतो. मी वकील नाही. बीडमध्ये वाढलो, इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. समोर दोन-तीन वकील बसलेले दिसतात, त्यांनी मला मध्येच टोकायला हरकत नाही.

आधी यंत्राची बाजू. तुमच्या खिशातल्या फोनवरून कॉल गेला, मेसेज आला, नेट चालू झाले, की मोबाइल कंपनीकडे एक नोंद पडते. कोणता नंबर, कोणता हँडसेट, किती वाजता, किती सेकंद, आणि कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूवरून. काय बोललात ते त्यात नसते. याला कॉल डिटेल रेकॉर्ड म्हणतात. गेल्या काही दिवसांत बीडमध्ये पानटपरीवरसुद्धा 'त्याचा सीडीआर काढा' असे बोलले जाते, त्यामुळे शब्द नवा नाही.

एका नंबरचा सीडीआर म्हणजे एका माणसाचा हिशेब. हाच प्रश्न उलटा विचारता येतो. या टॉवरवर संध्याकाळी सहा ते नऊ कोण कोण होते? त्यातून जी यादी निघते तिला टॉवर डंप म्हणतात. संगणकाला दोन्ही सारखेच सोपे; आमच्या भाषेत सांगायचे तर क्वेरीतली एक अट बदलायची. पण पहिल्या प्रश्नात आधी संशय असतो आणि मग माहिती मागितली जाते. दुसऱ्यात आधी सगळ्यांची माहिती हातात येते आणि मग त्यातून संशयित निवडायचा असतो. कायदा म्हणतो, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. यादी हातात आली की मात्र यादीतल्या प्रत्येकाला विचारले जाते, तू तिथे काय करत होतास?

२०२० सालचा मार्च-एप्रिल आठवा. दिल्लीत निजामुद्दीनला तबलिगी जमातचा मर्कज आहे. तिथल्या लोकांमध्ये कोरोना सापडला आणि देशभर शोध सुरू झाला. त्या परिसरातल्या टॉवरच्या नोंदींवरून याद्या बनल्या आणि राज्याराज्यांत पाठवल्या गेल्या. आता निजामुद्दीन म्हणजे फक्त मर्कज आहे का? हजरत निजामुद्दीन औलियांचा दर्गा तिथे आहे, हुमायूनची कबर जवळ आहे, आणि मोठे रेल्वे स्टेशन आहे. नगरहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला जाणारा माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, उतरतो हजरत निजामुद्दीनलाच. उतरला, घरी फोन लावला, 'पोचलो' म्हणाला. झाली नोंद.

छत्तीसगडमध्ये या प्रकाराचा हिशेब बाहेर आला. तिथे सरकारने 'तबलिगी' म्हणून शोधायला घेतलेल्या १५९ जणांच्या यादीत १०८ जण मुस्लिमच नव्हते. कोणी कामाला गेले होते, कोणी गाडी बदलायला उतरले होते. वर्तमानपत्रात हे आले तेव्हा बरेच लोक हसले. मला मात्र उरलेल्या ५१ जणांचा विचार पडला. १०८ जण 'आम्ही त्यातले नाही' एवढे सांगून सुटले, कारण त्यांचे नावच त्यांच्या बाजूने साक्ष देत होते. ज्याचे नाव सलीम किंवा रफिक असेल, आणि तोही गाडीच बदलायला उतरला असेल, त्याने काय दाखवायचे? यादी दोघांची एकच होती, निर्दोष दोघेही होते. खुलासा देण्याचे ओझे मात्र दोघांवर सारखे नव्हते.

साथ पसरत असताना माणसे शोधू नयेत असे मी म्हणत नाही. साथरोगात संपर्क शोधावाच लागतो. पण आरोग्यासाठी बनलेली यादी आणि गुन्ह्यासाठी बनलेली यादी यांतली भिंत त्या दिवसांत पडली. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्या इथल्या लोकांवर गुन्हे दाखल झाले. ते २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले. २९ परदेशी नागरिक होते. न्यायालयाने म्हटले, साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधते, आणि या लोकांना तसे बनवले गेल्याची शक्यता दिसते. निकाल आपल्या बाजूचा आहे म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. तो वाचा. कोणाला बळीचा बकरा करायचे तर आधी तो कळपातून वेगळा काढावा लागतो, आणि ते काम आता यादी करते.

टॉवर डंप मुळातच वाईट, असे माझे मत नाही. इंजिनिअर म्हणून मी जागा आणि वेळ यांचा गुणाकार बघतो. समजा, रात्री दोन वाजता मांजरसुंब्याच्या घाटात एका ट्रकचालकाला लुटून मारले. त्या अर्ध्या तासात त्या टॉवरवर थोडेच फोन असतील, त्यातलेही बरेच हायवेवरून सरळ पुढे गेलेले. ती यादी मागणे शहाणपणाचे आहे. मी पोलीस असतो तर पहिली तीच मागितली असती. आता समजा, संध्याकाळी सात वाजता बशीरगंजात भांडण झाले आणि कोणीतरी दगड मारला. तिथली दुपारी चार ते रात्री दहाची यादी मागितली, तर नमाजला आलेले, भाजी घेणारे, दवाखान्यात बसलेले, बसने येऊन घराकडे निघालेले असे हजारो नंबर येतील. दगड मारणारे पाच असतील. पाच हजारांत पाच. म्हणजे यादीतल्या कोणत्याही एका नावावर बोट ठेवले तर ते निर्दोष माणसाचे असण्याची शक्यता हजारात ९९९. असा पुरावा उजेड पाडत नाही, नुसती धूळ उडवतो. शिवाय फोन प्रत्येक वेळी सगळ्यात जवळचा टॉवर पकडतोच असे नाही. गर्दी झाली की दूरचा पकडतो. गावाकडे एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर सांभाळतो. टॉवरवर नोंद असणे म्हणजे घटनास्थळी हजर असणे नव्हे.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहरात एका तरुणाचे असेच झाले. तो रोज सायकल चालवायचा, फोनमधले व्यायामाचे अॅप त्याचा रस्ता नोंदवायचे. रस्त्यावरच्या एका घरात चोरी झाली. पोलिसांनी त्या घराभोवती त्या वेळी असलेल्या सगळ्या फोनची माहिती गुगलकडे मागितली. हा त्या घरासमोरून तीनदा गेलेला, म्हणून सगळ्यात संशयास्पद ठरला. तो वाचला, कारण गुगलने त्याला ईमेल पाठवून कळवले की पोलिसांनी तुझी माहिती मागितली आहे, आणि कोर्टात जायला सात दिवस आहेत. घरच्यांनी पैसे जमवले, वकील केला, पोलिसांनी मागणी मागे घेतली. आपल्याकडे मोबाइल कंपनी तुम्हाला असे काहीच कळवत नाही. तुमचे नाव आजवर किती याद्यांत येऊन गेले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मलाही नाही.

आता कायदा, थोडक्यात. माहिती मागण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे. तपासासाठी 'आवश्यक किंवा इष्ट' असलेला कागद किंवा वस्तू पोलीस ठाण्याचा प्रमुख लेखी आदेशाने मागवू शकतो. नव्या कलमात डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणेही स्पष्टपणे आली आहेत. न्यायाधीशाची सही लागत नाही. सीडीआर मागायला पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी हवी, अशा केंद्राच्या सूचना आहेत, पण तो खात्याच्या आतला चाळणा झाला. 'इष्ट' हा शब्द किती रुंद आहे बघा. तपास अधिकाऱ्याला इष्ट काय वाटणार नाही? सगळेच वाटेल. त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते.

दुसऱ्या बाजूला २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निकाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क. सरकारला त्यात शिरायचे तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि जे करायचे ते हेतूच्या प्रमाणात हवे. आपला सगळा वाद या तिसऱ्या अटीवर उभा आहे. २०२४ च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक चांगला निकाल दिला. एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्याने गुगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावे. न्यायालयाने ती अट रद्द केली. जामिनावरचा आरोपी हा अजून निर्दोषच मानायचा असतो. त्याच्या आयुष्यात पोलिसांना चोवीस तास डोकावता येणार नाही. आरोपीला जर एवढे संरक्षण असेल, तर ज्याच्यावर आरोपच नाही अशा बशीरगंजातल्या भाजीवाल्याला त्याहून कमी कसे असेल? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मात्र इथे फारसा उपयोगाला येत नाही. गुन्ह्याच्या तपासाला त्यातून मोठी सूट दिलेली आहे.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिचे अॅप लोक रोज वापरायचे. तपास यंत्रणांच्या नोटिसा आधी कायदा विभागाकडे यायच्या आणि मग माहिती काढून द्यायला आमच्यासारख्यांकडे. एकदा एका पोलीस ठाण्याची नोटीस आली: अमुक पिनकोडमधल्या सर्व ग्राहकांची नावे, नंबर, पत्ते द्या. तारीख नाही, कालावधी नाही. मी क्वेरी लिहून आकडा बघितला, काही हजार घरे होती. आमच्या वकील बाईंनी नकार दिला नाही. त्यांनी एक पानाचे नम्र पत्र लिहिले: गुन्हा क्रमांक कळवावा, कोणत्या तारखेची आणि किती वाजल्यापासूनची माहिती हवी ते कळवावे, आणि शोध कशाचा आहे ते कळवल्यास आम्ही लवकर मदत करू शकू. तीन दिवसांनी उत्तर आले. हवे होते फक्त दोन नंबर, एका संध्याकाळचे. आम्ही तासाभरात दिले. तपासाचे काही बिघडले नाही. उलट त्या अधिकाऱ्याला हजारो ओळींची एक्सेल फाइल चाळत बसावे लागले नाही. रुंद मागणीमागे दर वेळी दुष्टपणा असतो असे नाही. पुष्कळदा घाई असते, जुना नमुना उचलून पाठवलेला असतो. कोणीतरी 'नेमके काय हवे?' असे विचारणारा मध्ये लागतो. कायद्याने ते काम न्यायाधीशाला द्यायला हवे, एखाद्या कंपनीतल्या चांगल्या बाईंच्या भरवशावर ठेवू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, आणि इथे मी असे काही बोलणार आहे जे काहींना आवडणार नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे ३० मार्च २०२५ ला, ईदच्या आदल्या दिवशी पहाटे गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसला गावात मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांनी स्फोट झाला. कोणाचा जीव गेला नाही ही मेहरबानी. गावातल्या लोकांनी पोलिसांना कळवले, पोलीस लगेच पोचले आणि त्याच दिवशी दोघांना अटक झाली. त्यासाठी गावातल्या सगळ्या हिंदू तरुणांचे फोन मागवावे लागले नाहीत. कोणी मागवले असते तर आपण काय म्हटले असते? मला खात्री आहे, आपल्यातल्या काहींनी 'बरे झाले, आता त्यांना कळू दे' असे म्हटले असते. मी ते वाक्य तेव्हा ऐकलेले आहे. ते अटकेतले दोघे माझ्या लेखी आजही आरोपी आहेत. गुन्हेगार हा शब्द मी न्यायालयासाठी राखून ठेवतो. तुम्हीही ठेवा. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेल्या नऊ मुस्लिमांसाठी आपण हाच शब्द राखून ठेवा असे वर्षानुवर्षे सांगत होतो, आणि २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले.

तसेच मस्साजोगचे. ९ डिसेंबर २०२४ ला सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना मारून टाकले गेले. सगळा जिल्हा रस्त्यावर आला, आपणही होतो. त्या तपासात फोनच्या नोंदी आणि फोनमधले व्हिडिओ फार महत्त्वाचे ठरले. ज्यांच्यावर संशय घ्यायला कारण होते त्यांचेच फोन बघितले गेले. सीडीआरची ताकद काय असते हे तिथे दिसले, आणि ती तशीच वापरायला हवी. पण त्याच आरोपपत्रातली छायाचित्रे मार्च २०२५ मध्ये बाहेर आली आणि दोन दिवसांत आपल्या प्रत्येकाच्या फोनवर पोचली. देशमुखांच्या मुलांनी, आईने ती टीव्हीवर बघायची? आपल्यातल्या कितीजणांनी ती पुढे ढकलली? खासगीपणा म्हणजे लपवाछपवी असे ज्यांना वाटते त्यांनी त्या घराचा विचार करावा. पुरावा न्यायाधीशासाठी गोळा केलेला असतो.

आणि ३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावला आणि बीडला आमदारांची घरे पेटली, संचारबंदी लागली, नेट बंद झाले. त्या संध्याकाळची बीड शहराची टॉवरची यादी काढली तर तिच्यात कोण असेल? शहरातला जवळजवळ प्रत्येक मराठा तरुण असेल, आणि आपण सगळे असू. जाळणारे किती आणि घरी जायला वाहन मिळत नाही म्हणून अडकलेले किती? ज्या नियमाने आपल्याला बशीरगंजात संरक्षण हवे, त्याच नियमाने त्याला जालना रोडवर मिळायला हवे. हे मी सौजन्य म्हणून सांगत नाही. नियम तसाच टिकतो. एका समाजापुरता मागितला तर तो सवलत ठरतो, आणि सवलत सरकार बदलले की जाते.

आपल्याला स्वतःशीही प्रामाणिक राहावे लागेल. २००६ मध्ये मनमाड-चांदवड रस्त्यावर आरडीएक्स आणि एके-४७ पकडल्या गेल्या. त्या खटल्यात आपल्या जिल्ह्याचे नाव आले, गेवराईच्या एका माणसाला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. एकूण १२ जण दोषी ठरले. ते खरे आहे आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. त्याच निकालात आठ जण निर्दोष सुटले, दहा वर्षांनी. मी तेव्हा शाळेत होतो. 'बीडचा आहे' एवढ्यावर बाहेरगावी खोली मिळत नसे, हे आपल्या मोठ्या भावांना विचारा. बारा जणांचा गुन्हा शोधणे हे पोलिसांचे काम होतेच. तो अख्ख्या जिल्ह्याच्या कपाळावर लिहिणे हे कोणाचेच काम नव्हते.

आतापर्यंत मी माहिती पोलिसांच्या हातात जास्त जाण्याबद्दल बोललो. आता उलटी गोष्ट, आणि आज मला सगळ्यात जास्त हीच सांगायची होती. निर्दोष माणसाला कधीकधी तीच माहिती वाचवते, आणि नेमकी तेव्हा ती मिळत नाही.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून जास्त माणसे गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सातजणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी सांगितले की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत आधार म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही. अपील बाकी आहे. या खटल्यात फोनच्या नोंदींचा मुद्दा वर्षानुवर्षे लढला गेला. आरोपी म्हणत होते, आमचे सीडीआर आणा, आम्ही त्या वेळी कुठे होतो ते त्यातून दिसेल. तपासात या नोंदी गोळा झाल्या होत्या, पण खटल्यात पुरावा म्हणून पुढे आल्या नाहीत. उच्च न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. एकोणीस वर्षे. विचार करा, तुमच्या बाजूचा साक्षीदार एक फाइल आहे, ती सरकारच्या कपाटात आहे, आणि कपाट उघडायचा अधिकार फक्त समोरच्या पक्षाला आहे.

म्हणून 'पोलिसांना डेटा देऊ नका' ही मागणी मला अपुरी वाटते. माहिती नेमकी मागा, मागण्याचे कारण लिहून ठेवा, आणि एकदा घेतली की दोन्ही पक्षांसाठी जपून ठेवा. ही मागणी हवेतली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला तसे सांगितले आहे, आणि तो खटला आपल्या शेजारच्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचा अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, यावर कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. पुरावा होता निवडणूक कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. त्या निमित्ताने देशभर लागू झालेला निकाल आला. त्यात डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागते हे सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल कंपन्यांना दिलेला आदेश कमी लोकांना माहीत आहे. तपासात एखादा सीडीआर घेतला गेला, तर त्या काळाच्या नोंदी कंपन्यांनी वेगळ्या काढून सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे आरोपीला बचावाच्या वेळी त्या मागवता येतील.

याद्या गैरहाती जातात हेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेर होते. आणि एक गंमत, जिला हसावे की रडावे कळत नाही. जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत आरोप केला की काही वर्षांपूर्वी त्यांचा फोन चोरून ऐकला गेला, आणि त्यासाठी कागदावर त्यांचे नाव 'अमजद खान' असे ठेवले होते. गुन्हा दाखल झाला, २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे कोण दोषी यावर मी काही बोलत नाही. पण आरोप खरा असो वा खोटा, तो ऐकून सभागृहात कोणी विचारले नाही की अमजद खानच का. सगळ्यांना लगेच कळले. या नावाची फाइल पुढे सरकते, प्रश्न येत नाहीत.

आता तर राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्वल' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी नागपुरात काढली आहे. सायबर फसवणुकीत म्हाताऱ्या माणसांचे पैसे परत मिळायचे तर अशी साधने लागतील. मी त्यांच्या विरोधात नाही, माझा धंदाच तो आहे. माझी काळजी एवढीच की पूर्वी मोठी यादी मागितली तर ती वाचायला माणूस नसायचा, म्हणून मागणी आपोआप आटोक्यात राहायची. यंत्र पाच हजार नंबर काही सेकंदांत चाळते. त्या यंत्राने कोणाला आणि का निवडले, हे आरोपीच्या वकिलाला विचारता आले पाहिजे.

शेवटी काही कामाच्या गोष्टी. पोलीस ठाण्यातून नुसता फोन आला, 'येऊन जा', तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवायचे तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. बायका, पंधरा वर्षांखालची मुले आणि साठ वर्षांवरची माणसे यांना ठाण्यात बोलवता येत नाही, विचारायचे ते घरी येऊन विचारायचे. नोटीस आली तर जरूर जा, टाळू नका, वकिलाला कळवून जा. फोन जप्त केला तर पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहिला आहे का बघा आणि प्रत मागा. जप्तीचे चित्रीकरण करणे कलम १०५ ने आता बंधनकारक आहे. आणि हॅश विचारा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे फोन तुमच्या हातातून गेल्यावर कोणी काही घातले की काढले, हे त्यावरून कळते. नव्या साक्ष कायद्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच ठेवली आहे. घाबरून फोन फॉरमॅट मात्र करू नका. निर्दोष माणूस तिथे स्वतःच गुन्हा करून बसतो, आणि त्याच्या बाजूचा पुरावाही जातो.

कोणावर खोटा आरोप आला आणि तो त्या वेळी दुसरीकडे होता, तर पहिल्याच आठवड्यात वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करा की त्याचा सीडीआर आणि त्या जागेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश द्यावा. दुकानातला कॅमेरा पंधरा-वीस दिवसांत जुने पुसून टाकतो. मोबाइल कंपन्यांवर नोंदी किमान दोन वर्षे ठेवण्याचे बंधन आहे, त्यापुढे खात्री नाही, आणि आपले खटले दोन वर्षांत संपत नाहीत. अशा अर्जाचा एक नमुना वकील मित्रांच्या मदतीने मराठीत तयार केला आहे, मागच्या टेबलावर प्रती आहेत. उर्दूतला पुढच्या आठवड्यात होईल. टायपिंगला कोणाला वेळ असेल तर मला नंतर भेटा.

आता प्रश्न घेऊ.